अंगठा वर, फळी वर

१७ सप्टेंबर १९०८. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फोर्ट मायरच्या लष्करी मैदानावर ऑर्व्हिल राइट आपलं विमान सैन्याच्या अधिकाऱ्यांना उडवून दाखवत होता. शेजारी लेफ्टनंट थॉमस सेल्फ्रिज, वय २६. मैदानाभोवतीच्या पहिल्या फेऱ्या सुरळीत झाल्या. मग ऑर्व्हिलला पाठीमागून हलकी टकटक ऐकू आली. त्यानं वळून पाहिलं; काही दिसलं नाही. तरी इंजिन बंद करून खाली उतरावं असं त्यानं ठरवलं, तोच दोन जोराचे धक्के बसले. प्रोपेलरच्या एका पात्याला तडा गेला होता. थरथरतं पातं मागच्या सुकाणूला ताणून धरणाऱ्या तारेत अडकलं, तार उखडली आणि सुकाणू भलत्याच दिशेला फिरलं. विमान नाकावर आपटलं. सेल्फ्रिज त्याच संध्याकाळी गेला. इंजिनाच्या विमानाच्या अपघातात जीव गमावलेला तो जगातला पहिला माणूस. ऑर्व्हिलची मांडी आणि बरगड्या मोडल्या, आणि त्याला सुमारे सात आठवडे रुग्णालयात काढावे लागले.

मूळ दोष प्रोपेलरचा होता, पण विमान पडलं ते सुकाणू हातचं गेल्यामुळे. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा पाच वर्षंही झाली नव्हती.

श्रोतेहो, आजचा विषय हाच आहे. लहान विमान जमीन सोडतं, आणि काही क्षणांतच हातातला दांडा आणि पंखावरची फळी यांचं नातं तुटतं. तेव्हा वैमानिक काय करतो, आणि त्याला काय करता येतं? स्मृतिव्याख्यानासाठी विषय थोडा यंत्रशाळेतला वाटेल. पण या अपघातांच्या चौकशीच्या नोंदी वाचताना एक समजूत हळूहळू गळून पडते. वाचलेल्या वैमानिकाबद्दल वर्तमानपत्रं लिहितात की त्यानं ऐनवेळी डोकं शांत ठेवलं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की हा काही लोकांचा उपजत गुण असावा. नोंदी वेगळंच सांगतात. वाचलेल्या बहुतेक माणसांनी तो प्रसंग, किंवा त्याचा जवळचा भाऊबंद, आधीच कुठेतरी ऐकलेला, वाचलेला किंवा करून पाहिलेला असतो.

आधी यंत्र समजून घेऊ. त्यासाठी सेसना १७२ सोयीचं. १९५६ मध्ये बाजारात आलेलं हे चार आसनांचं विमान आजवर ४४ हजारांहून अधिक संख्येनं तयार झालं आहे, आणि जगभरातले असंख्य वैमानिक त्यावरच शिकले. पंखांच्या टोकांकडे मागच्या कडेला दोन हलत्या फळ्या असतात, त्या एलरॉन. एक वर गेली की दुसरी खाली जाते आणि विमान कुशीवर कलतं. शेपटीच्या आडव्या भागाला एलिव्हेटर, तो नाक वरखाली करतो. उभ्या भागाला रडर, तो पायांनी चालतो आणि नाक डावीउजवीकडे वळवतो. वैमानिकाचे हातपाय या तिन्हींपर्यंत पोचतात ते पोलादी तारांमधून. सायकलच्या ब्रेकच्या वायरीत आणि या तारांत तत्त्वाचा फारसा फरक नाही. फक्त ही तार कप्प्यांवरून वळणं घेत पार शेपटीपर्यंत जाते आणि तिचा ताण टर्नबकल नावाच्या पेचानं जुळवलेला असतो. मध्ये ना संगणक, ना हायड्रॉलिक पंप.

एलिव्हेटरच्या मागच्या कडेवर आणखी एक छोटी पट्टी असते, ट्रिम टॅब. वैमानिकाला योक, म्हणजे हातातलं नियंत्रण, सतत ओढून धरावा लागू नये म्हणून ती केलेली. ती चालवणारं चाक वेगळं आणि तिची तारही वेगळी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावर बरंच अवलंबून आहे.

आता बिघाड. सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर येते ती तुटलेली तार. तारा तुटतात, नाही असं नाही. पण नोंदी चाळल्या तर पुन्हा पुन्हा भेटतात त्या माणसाच्या हातून राहून गेलेल्या गोष्टी. विमान उभं असताना वाऱ्यानं फळ्या आपटू नयेत म्हणून त्या अडकवून ठेवतात. सेसनात त्यासाठी योकच्या दांड्यात एक खिट्टी घालतात आणि तिला लाल पट्टी लावलेली असते. ही खिट्टी किंवा तिचं मोठं भावंड तसंच ठेवून उडालेली विमानं इतिहासात कमी नाहीत.

त्यांतलं सगळ्यात प्रसिद्ध विमान लहान मुळीच नव्हतं. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे चार इंजिनांचं नवं बाँबफेकी विमान चाचणीसाठी उडालं. चालवत होते लष्कराचे अनुभवी चाचणी वैमानिक मेजर प्लोयर हिल. फळ्यांचं कुलूप काढायचं राहिलं होतं. विमान सरळ उभं चढत गेलं, वेग संपला, आणि कोसळून पेटलं. हिल गेले, बोइंगचे चाचणी वैमानिक लेस्ली टॉवर काही दिवसांनी गेले. त्यानंतर लष्करानं वैमानिकांच्या हाती छापील तपासयादी दिली. तेच विमान पुढे बी-१७ या नावानं १२ हजारांहून जास्त संख्येनं बनलं. आज वैमानिक यादी वाचून एकेक गोष्ट तपासतो, त्या पद्धतीचं मूळ या अपघातात आहे.

यादी आली म्हणून विसरणं संपलं, असं मात्र झालं नाही. ३१ मे २०१४ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डच्या विमानतळावर गल्फस्ट्रीम-४ हे खासगी जेट असंच कुलूपबंद फळ्यांनी धावलं. ते हवेत गेलंच नाही. धावपट्टी ओलांडून ओहोळात पडलं, आणि सातही जण गेले. त्या जेटच्या रचनेत एक सोय केलेली होती: कुलूप लावलेलं असेल तर इंजिनाची शक्ती वाढवणारा थ्रॉटल पुरेसा पुढे जाऊच नये. प्रत्यक्षात ती सोय हवी तशी अडवत नव्हती. चौकशीत आणखी एक आकडा निघाला. या वैमानिकांच्या आधीच्या १७५ उड्डाणांच्या नोंदी तपासल्या, तर ९८ टक्के वेळा उड्डाणापूर्वीची फळ्यांची पूर्ण तपासणी झालेलीच नव्हती. दोघेही अनुभवी होते, आणि बहुधा अनुभवानंच घात केला. नवशिका विद्यार्थी ही तपासणी टाळायला धजत नाही.

तपासणी तरी केवढीशी? योक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, पूर्ण मागे, पूर्ण पुढे. आणि डोळे फळ्यांवर. फळी मोकळी हलते का, हा अर्धा प्रश्न झाला. ती योग्य दिशेला हलते का, हा उरलेला अर्धा, आणि तोच जास्त वेळा राहतो. त्यासाठी शिकवणारे एक साधी खूण सांगतात. योक दोन्ही हातांत धरून अंगठे वर करायचे. योक फिरवला की अंगठे ज्या बाजूला झुकतील त्या पंखावरची फळी वर उचललेली दिसली पाहिजे. अंगठा वर, फळी वर.

फळी उलटी हलेलच कशी, असं कुणी विचारेल. दुरुस्तीच्या कारखान्यात हे घडतं. २६ ऑगस्ट २००३ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिसहून एका छोट्या विमान कंपनीचं बीचक्राफ्ट १९०० विमान प्रवाशांविना निघालं. आत फक्त दोन वैमानिक. विमान नुकतंच दुरुस्तीतून आलं होतं. एलिव्हेटरच्या ट्रिमची तार बदलली होती, आणि ती उलटी बसली होती. दुरुस्तीच्या पुस्तिकेतली आकृतीच उलट छापलेली होती. वैमानिकांनी नाक वर यावं म्हणून ट्रिम फिरवला, नाक आणखी खाली गेलं. उड्डाणानंतर थोड्याच वेळात विमान समुद्रात पडलं, दोघेही वाचले नाहीत. आकृती चुकीची होती हे खरं. पण दुरुस्तीनंतर चाक फिरवून पट्टी कुठे जाते हे कुणी नीट पाहिलं असतं, तर ती चूक जमिनीवरच सापडली असती. उड्डाणापूर्वीच्या यादीतली ट्रिमची तपासणीही राहिली होती.

त्याच वर्षी ८ जानेवारीला नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट विमानतळावर याच जातीचं दुसरं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. २१ माणसं गेली. दुरुस्तीत टर्नबकल चुकीचे जुळवल्यामुळे एलिव्हेटर खाली जाण्याचा टप्पा जवळपास निम्म्यावर आला होता. भयंकर गोष्ट अशी की दुरुस्तीनंतर तेच विमान कित्येक फेऱ्या बिनबोभाट उडालं होतं. त्या दिवशी मात्र ते जास्त भरलेलं होतं आणि वजन शेपटीकडे झुकलं होतं. नाक वर उठलं, ते खाली आणायला लागणारा उरलेला निम्मा टप्पा दुरुस्तीनं आधीच काढून घेतलेला. शिकाऊ मेकॅनिकनं काही पायऱ्या गाळल्या होत्या; त्याला शिकवणारा आणि त्याचं काम तपासून सही करणारा माणूस एकच होता. या शेवटच्या वाक्यावर विमान दुरुस्तीशी संबंध असलेल्या प्रत्येकानं थोडं थांबावं.

चूक जमिनीवर सापडली नाही आणि विमान हवेत गेलं, तर?

उड्डाणानंतरची पहिली मिनिटं या दृष्टीनं सगळ्यात वाईट. इंजिन पूर्ण जोरात, नाक वर, वेग कमी, खाली तीन-चारशे फूट हवा. अशा वेळी मनात पहिली ऊर्मी येते ती मागे वळून धावपट्टी गाठण्याची. ती बहुधा जीवघेणी ठरते. विमान ४५ अंशांत कललं की ज्या वेगाला पंख उचलणं सोडतो तो वेग १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. एक फळी चालत नाही, वेग आधीच अपुरा, आणि त्यात घाईचं वळण. म्हणून शिकवणारे सांगतात: पंख समतल ठेवा, वेग सांभाळा, विमान चढत असेल तर चढू द्या. उंची म्हणजे विचाराला वेळ. रेडिओवर संकट कळवायचं ते त्यानंतर. टॉवर मदत करील, रुग्णवाहिका उभ्या करील, बाकीची विमानं बाजूला काढील. विमान मात्र त्याला उडवता येत नाही.

मग चाचपणी: काय गेलं, आणि त्याहून महत्त्वाचं, काय शिल्लक आहे. एलरॉन अडकला असेल तर रडर हळू दाबला तरी विमान त्या बाजूला कलतं. वळणं मोठी आणि आळशी होतील, पण होतील. रडर गेला तर एलरॉनवर निभावता येतं. एलिव्हेटरची तार तुटली तर ट्रिमचं चाक आणि थ्रॉटल ही दोन साधनं उरतात. सेसना १७२ च्या पुस्तिकेत यासाठी स्वतंत्र परिच्छेद आहे. उतरताना पंखामागून खाली सोडायचे फ्लॅप २० अंशांवर, वेग सुमारे ६५ नॉट, विमान ट्रिमनं त्या वेगावर स्थिर करायचं आणि नंतर ट्रिमला हात लावायचा नाही. उतार फक्त थ्रॉटलनं कमीजास्त करायचा. खरी अडचण जमिनीजवळ येते. थ्रॉटल ओढला की नाक खाली पडतं आणि पुढचं चाक आधी आपटण्याचा धोका असतो. म्हणून टेकायच्या वेळी ट्रिम पूर्ण नाक-वर फिरवायचा, शक्ती अशी ठेवायची की विमान आडवं होईल, आणि चाकं टेकल्यावरच थ्रॉटल पूर्ण बंद.

इथे एक बारकावा आहे, आणि तो चांगल्या वैमानिकांनाही चकवतो. तार तुटून एलिव्हेटर मोकळा लोंबत असेल तर ट्रिम नेहमीसारखा चालतो, कारण ती छोटी पट्टी मोठ्या फळीला ढकलते. पण एलिव्हेटर जागच्या जागी अडकला असेल तर पट्टीला ढकलायला काही उरत नाही. ती स्वतःच एक इवलासा एलिव्हेटर बनते, आणि परिणाम उलटा होतो. नाक वर आणायला चाक नाक-खाली फिरवावं लागतं, आणि परिणामही थोडाच मिळतो. चारशे फुटांवर हे पहिल्यांदा शोधून काढणारा माणूस सापडणं कठीण. ज्यानं जमिनीवर खुर्चीत बसून हा विचार एकदा केला आहे, त्याला निदान आठवण्याची संधी असते.

विजेवर चालणारा ट्रिम आपणहून फिरू लागला तर योक जोरानं धरायचा, ऑटोपायलट सोडवायचा आणि ट्रिमचा सर्किट ब्रेकर ओढायचा. फ्लॅप उतरवताना एकीकडचाच खाली आला तर लगेच पूर्वीच्या जागी न्यायचा. काय चालतं हे उंचीवर असतानाच, उतरण्याच्या वेगावर आणून, हलक्या हातानं तपासायचं. मग लांब धावपट्टी आणि आडवा वारा नसलेलं ठिकाण निवडायचं, ते घराजवळ नसलं तरी चालेल.

काही बिघाड नुसते सोंग घेऊन येतात. जुन्या सेसनांत उड्डाणाच्या वेळी आसन रुळावरून मागे सरकायचं. वैमानिक आधारासाठी योकलाच लटकायचा, नाक आकाशाकडे जायचं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं एलिव्हेटर बिघडला. आसनाच्या रुळांची तपासणी त्यामुळे सक्तीची झाली. फेब्रुवारी २०१४ मध्ये ब्रिटिश हवाईदलाचं एक भलंमोठं व्हॉयेजर विमान अचानक ४,४०० फूट खाली कोसळत गेलं आणि सावरलं. कारण? कप्तानानं ठेवलेला कॅमेरा आसन पुढे सरकवताना नियंत्रणाच्या दांड्याला दाबून बसला होता. लहान विमानात तर वैमानिकाच्या मांडीवर काय नसतं! आणि दार उघडलं म्हणून घाबरून विमान पाडणारेही झाले आहेत. उघड्या दारानं आवाज होतो, वारा येतो. पण विमान बहुधा उडत राहतं.

आता नील विल्यम्सकडे वळू. ३ जून १९७० रोजी हा ब्रिटिश कसरतपटू वैमानिक इंग्लंडमधल्या हलाव्हिंग्टनला झ्लिन जातीच्या छोट्या विमानावर विश्वस्पर्धेचा सराव करत होता. कसरतीतून विमान आडवं होत असताना मोठा आवाज झाला. डाव्या पंखाच्या खालच्या जोडातला भाग निखळला होता आणि पंख हळूहळू वर दुमडू लागला. विमान डावीकडे कलत चाललं. एलरॉन, रडर, थ्रॉटल, काहीच त्याला थोपवेना. जमीन समोर. आपटणार असं धरून त्यानं आगीच्या भीतीनं इंधनही बंद केलं.

त्या क्षणी त्याला एक ऐकीव गोष्ट आठवली. एका बल्गेरियन वैमानिकाच्या विमानाचा असाच जोड वरच्या बाजूला निकामी झाला होता, तोही तो उलटा उडत असताना. विमान उलटून सुलटं झालं आणि पंख जागेवर आला. म्हणजे आपलं गणित त्याच्या उलट. विल्यम्सनं कलणाऱ्या विमानाला विरोध करणं सोडलं आणि त्याला त्याच दिशेला पूर्ण लोळवलं. उलट्या अवस्थेत हवेचा दाब पंखाला दुसरीकडून रेटू लागला आणि पंख खाडकन जागेवर बसला. इंजिन मात्र थांबलं होतं. इंधन बंद केल्याचं लक्षात आलं, त्यानं तोटी उघडली, इंजिन पुन्हा धरलं, आणि तो उलट्यानेच वर चढला. वर जाऊन त्यानं शांतपणे पर्याय पडताळले. सुलटं व्हायचा प्रयत्न केला की पंख पुन्हा दुमडू लागतो, हेही पाहिलं. शेवटी तो उलट्या अवस्थेतच धावपट्टीकडे आला आणि जमिनीला टेकता टेकता विमान सुलटं केलं. पंख दुमडला, विमान घसरत गेलं, आणि विल्यम्स जवळजवळ धडधाकट बाहेर पडला.

काटेकोर बोलायचं तर हा बिघाड फळीचा नव्हता, पंखाच्या सांगाड्याचा होता. तरी या व्याख्यानात तो हवाच. त्याचं शौर्य सगळेच सांगतात. त्याच्या कानावर पडलेली ती बल्गेरियन हकीकत कुणी फारशी सांगत नाही.

मोठ्या विमानांतही हेच दिसतं. १२ जून १९७२ रोजी कॅनडातल्या विंडसरजवळ डीसी-१० जातीच्या एका प्रवासी विमानाचं मालाचं दार उडालं, प्रवासी कक्षाच्या फरशीचा भाग खचला आणि शेपटीकडे जाणाऱ्या तारांचं नुकसान झालं. कप्तान ब्राइस मॅकॉर्मिक यांनी इंजिनांची शक्ती कमीजास्त करत विमान डेट्रॉइटला उतरवलं, सगळे वाचले. नव्या विमानावर येताना, तारा गेल्या तर नुसत्या थ्रॉटलवर काय जमतं, हे त्यांनी सिम्युलेटरमध्ये स्वतःहून करून पाहिलं होतं. दाराचा दोष मात्र नीट दूर झाला नाही. दोन वर्षांनी पॅरिसजवळ तुर्की विमान कंपनीचं डीसी-१० त्याच दोषानं पडलं आणि ३४६ माणसं गेली.

१९ जुलै १९८९ ला आयोवातल्या सू सिटीला उतरलेलं युनायटेडचं डीसी-१० तर सर्वश्रुत आहे. फळ्या हलवणारं हायड्रॉलिक पूर्ण गेलेलं, कप्तान अल हेन्स, आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक डेनी फिच थ्रॉटल सांभाळायला पुढे आलेले. २९६ पैकी १८४ वाचले. फिच यांनी १९८५ च्या जपानी जंबोच्या अपघातानंतर, ज्यात ५२० माणसं गेली होती, नुसत्या थ्रॉटलवर विमान कसं वागतं हे सिम्युलेटरमध्ये करून पाहिलेलं होतं. पुढे नासानं हाच धागा धरून संगणकाला ते काम शिकवलं, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये गॉर्डन फुलर्टन यांनी एमडी-११ हे मोठं विमान केवळ इंजिनांच्या नियंत्रणावर उतरवून दाखवलं.

महाराष्ट्रात बारामती, धुळे, गोंदिया इथल्या धावपट्ट्यांवर मुलंमुली छोट्या विमानांवर शिकतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यावर मोठा खर्च करणाऱ्या पालकांसाठी शेवटी थोडं. परवान्यासाठी किती तास उडालो याची मोजदाद सगळेच करतात. त्या तासांत काय केलं हेही विचारा. अपघातांच्या चौकशीचे अहवाल प्रसिद्ध होतात, ते गोष्टीच्या पुस्तकासारखे वाचा. दुरुस्तीतून आलेलं विमान पहिल्यांदा उडवायचं असेल तर आधी दुसऱ्या कुणाला बाहेर उभं करून फळ्या कुठे हलतात ते मोठ्यानं सांगायला लावा. आणि पुरेशा उंचीवर, प्रशिक्षक शेजारी असताना, एकदा योकवरचा हात काढून फक्त ट्रिम आणि थ्रॉटलवर विमान उतरणीला लावून पाहा. प्रशिक्षकानं आपणहून सुचवलं नाही, तर तुम्ही मागा.